छापखान्यातली भेट

घरात तुमच्याबरोबर कोण असतं, असं जनगणनेच्या बाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडून 'नाय' निघून गेलं. कोण नाय, असं मी म्हणालो, अगदी सरळ, शेजारच्या कोणीही म्हणावं तसं. पडवीत सुपात वाल पाखडत बसलेली प्रियांका, म्हणजे शेजारच्या घरात राहणाऱ्या माझ्या पुतण्याची, सुरेंद्रची बायको, हात थांबवून माझ्याकडे बघायला लागली आणि मग खो खो हसली. "बाई, ऐकलंत ना? आमचे काका नाय बोल्ले! पाच वरसं झाली माझ्या लग्नाला, मी पयल्यांदा ऐकते." संगीताबाईही हसल्या. त्या आमच्याच शाळेवरच्या मास्तरीण, त्यांना माहीत होतं. आटगावच्या आसपास सगळ्यांनाच माहीत आहे. मी 'नाही' म्हणतो. 'ही' पुरता उच्चारून, छापल्यासारखं. पोरं मला मागून नाहीबुवा म्हणतात. धाकलूकाकांचं 'नाही' सुरू झालं की संपेपर्यंत गाडी कसाऱ्याला लागते, असं सुरेंद्र चारचौघांत सांगतो आणि मीही हसतो. भातशेतीवर वाढलेल्या वेखंड्यांच्या पोराला हा पुस्तकी सोस कशाला, असं तोंडावर कोणी विचारत नाही. आफ्रिकेत राहून आला, साहेब झाला, एवढ्यावर लोकांचं समाधान होतं. माझंही झालं होतं. चौतीस वर्षं मी तो शब्द तोंडात येऊ दिला नव्हता. झोपेतसुद्धा आला नसावा, पण झोपेतलं सांगायला घरात कोणी नाही.

बाई पुढचं विचारत होत्या. घर स्वतःचं का, पाणी कुठून, चूल का गॅस. मी उत्तरं देत होतो. समोरच्या खाचरात रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजत होते, त्याचा धूर पडवीत येत होता, म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं म्हणायची सोय होती. खरं कारण आत होतं, गुळाच्या रिकाम्या डब्यात, जिथं मी कागदपत्रं ठेवतो. तिथं आठ दिवसांपासून एक पत्र पडलं होतं. पोस्टमन नथू ते दोन्ही हातांत धरून घेऊन आला होता, लग्नाची अक्षत आणल्यासारखा. तिकिटावर हरणासारखं कसलंसं जनावर, आणि पत्ता चौतीस वर्षांपूर्वीचा, ठाणा जिल्हा, शहापूर तालुका, आटगाव स्टेशनजवळ. पत्ता चुकला नाही. मी कुठं हललोच नव्हतो. नथूनं विचारलं, "काय लिवलंय ओ काका? विंग्रजी हाय?" मी म्हटलं, स्वाहिली. तो म्हणाला, "मंग तुमीच वाचा बाबा." आणि गेला. खरंच आहे, दुसरं कोण वाचणार? शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुके पालथे घातले तरी ती भाषा येणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. एखादी भाषा आपल्याला येते आणि आसपास कोणालाच येत नाही, हा एकटेपणा मला कधी कोणाला समजावता आला नाही. बायको होती तेव्हा कधी कधी मी रागाच्या भरात त्या भाषेत बोलायचो. ती म्हणायची, मला शिव्या द्यायच्या तर मराठीत द्या, मला कळू तरी द्या. ती गेल्यालाही आता अकरा वर्षं झाली.

मी जुळारी. शिशाचे खिळे एकेक उचलून शब्द जुळवणारा. गिरगावात एका छापखान्यात शिकलो आणि छगनशेठ नावाच्या मालकानं मला छप्पन साली आपल्या आफ्रिकेतल्या छापखान्यावर नेलं. देशाचं नाव लिहीत नाही. भीती म्हणा, सवय म्हणा. तिथं कारागिराला फुंडी म्हणतात, म्हणून मी फुंडी झालो. धाकलू हे नाव तिथं कोणाच्या कानावर पडलंच नाही. आणि एलिया म्वेंडा हे आमचं गिऱ्हाईक. देश स्वतंत्र झाला, झेंडा बदलला, आणि वर्षाच्या आत विधानसभेत सगळे एकाच सुरात बोलायला लागले. एकटा हा माणूस उभा राहून 'हपाना' म्हणायचा. हपाना म्हणजे नाही. बाकीचे हसायचे, बाकं वाजवायचे. तो बसायचा आणि पुढच्या ठरावाला पुन्हा उभा राहायचा. काटकुळा माणूस, कोटाच्या खिशात उकडलेले शेंगदाणे. आपली पत्रकं छापायला तो स्वतः यायचा, प्रुफं स्वतः वाचायचा, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून. एका स्वल्पविरामावरून आमचं तासभर वाजायचं. म्हणायचा, फुंडी, तुम्ही हिंदी लोक हो म्हणताना जशी मान हलवता तशीच नाही म्हणतानाही हलवता, तुम्ही तर आमच्या विधानसभेत शोभाल! त्याच्याएवढं मला कोणी हसवलं नाही. त्याच्याशी बोलताना मी परक्या देशात आहे हे विसरायला व्हायचं.

एकदा त्यानं विचारलं, हपानाला तुझ्या भाषेत काय म्हणतात? मी म्हटलं, 'नाही'. त्यानं दोन-तीनदा म्हणून पाहिलं, ना-ही, ना-ही, आणि वहीत लिहून घेतलं. माझ्या घरात, माझ्या गावात, माझ्या आईच्या तोंडी तो शब्द 'नाय' असा होता. पण मला लाज वाटली. छापखान्यातली मराठी माझ्या डोक्यात बसली होती. एवढ्या मोठ्या माणसाला गावंढळ शब्द कसा द्यायचा? म्हणून इस्त्री केलेला शब्द दिला. या एका फुशारकीचं पुढं काय होणार हे तेव्हा कळलं असतं तर मी त्याला माझ्या आईची सगळी भाषा पाठ करून दिली असती.

"काका, शाळा किती शिकलाव?" बाईंनी विचारलं. सातवी, मी म्हणालो. "पन काका पेपरातल्या चुका काढतात ओ," प्रियांका म्हणाली. "लग्नाच्या पत्रिकेत पन काढतात. आमच्या पत्रिकेत तर धा काढल्या. छापलेल्या पत्रिका परत धाडल्या यांनी." तिचा स्वर कौतुकाचा होता का तक्रारीचा, मला नीट कळलं नाही. शहापूरच्या छापखान्यात मी वीस वर्षं पत्रिकाच जुळवल्या. वऱ्हाडी मंडळींच्या नावांत एक वेलांटी चुकली तर जीव खालीवर व्हायचा. माणूस मोठी चूक एकदा करून बसला की बारक्या चुकांच्या मागं असा लागतो.

सदुसष्ट साली सादिकी नावाचा एक लष्करी अधिकारी बंदुका घेऊन जंगलात गेला. सरकारला म्वेंडाला त्याच्याशी जोडायचं होतं. पोलिसांचं म्हणणं असं की अमुक रविवारी दुपारी आमच्या छापखान्यात म्वेंडा आणि सादिकी भेटले. त्या रविवारी छापखाना बंद होता. आत दोघंच होतो, म्वेंडा आणि मी. बारा वाजल्यापासून दिवे लागेपर्यंत आम्ही एक पत्रक लावत होतो. त्यात त्यानं लिहिलं होतं की आम्ही सरकारला नाही म्हणतो आणि बंदुकीलाही नाही म्हणतो, असं म्हणणारा मी एकटा उरलो तरी. त्या शेवटच्या वाक्यात 'एकटा' शब्द आधी यावा का नंतर, यावर आम्ही भांडलो. त्यानं दोन्ही खिशांतले शेंगदाणे संपवले. सादिकी तिथं नव्हता. मांजरसुद्धा नव्हतं. गुरुवारी मला चौकीवर नेलं. छगनशेठनं निघताना कानात सांगितलं होतं, तू त्या दिवशी घरी होतास, एवढंच म्हण. मी ते म्हटलंही. मी घरी होतो, छापखान्यासमोरच्या खोलीत. खिडकीतून कोणाला येताजाताना पाहिलंस का, इन्स्पेक्टर म्हणाला, आणि मग टेबलावर हात आपटून, एकदम ओरडून त्यानं विचारलं, म्वेंडाबरोबर सादिकी होता का?

माणूस घाबरला की आईच्या भाषेत बोलतो. मी म्हणालो, 'नाय'. भीतीनं शेवट जरा लांबला असेल. स्वाहिलीत 'नाये' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ, त्याच्याबरोबर. सादिकी होता का बरोबर, तर होता, त्याच्याबरोबर होता. इन्स्पेक्टर खुश झाला. त्यानं मान डोलावली आणि लिहून घेतलं. आता कोणी म्हणेल, गैरसमज झाला, त्यात तुझा काय दोष? मीही स्वतःला हे पुष्कळदा सांगून पाहिलंय. पण जुळाऱ्याला उलटं वाचता येतं. खिळे उलटेच लावलेले असतात, आयुष्यभर तेच वाचायचं असतं. टेबलाच्या या बाजूला बसून मी त्याचा कागद सरळ असल्यासारखा वाचत होतो. 'नाये' हा शब्द त्यानं लिहिला तेव्हा शाई ओली होती. दुसऱ्याच्या पत्रकातल्या स्वल्पविरामासाठी तासभर भांडणारा मी, एवढं म्हणू शकत होतो की साहेब, हा शब्द चुकला. पण मग त्यानं विचारलं असतं, तुला काय माहीत? सादिकी नव्हता तर कोण होतं त्याच्याबरोबर? आणि त्याचं उत्तर एकच होतं. त्यानं कागद फिरवून माझ्यापुढं ठेवला आणि पेन दिलं. मी सही केली. चांगली वळणदार सही केली, छापखान्यातल्या माणसाला शोभेल अशी. तीन आठवड्यांनी मी मुंबईच्या बोटीवर होतो.

त्याला कैद झाली. दोन वर्षांनी तो तुरुंगातच वारला. हे मला शहापूरला कळलं, एका इंग्रजी पेपरात, आतल्या पानावर, तीन ओळी. नाव चुकीचं छापलं होतं. मी पेन्सिल काढून ते दुरुस्त केलं. तेवढंच मी त्याच्यासाठी केलं.

आणि आता हे पत्र. लिहिणारी त्याची मुलगी, नेमा. तेव्हा ती सहा वर्षांची होती. ती लिहिते, गेल्या वर्षी आमच्याकडचं सरकार पालटलं. कैक वर्षांपूर्वी वारलेला सादिकी आता राष्ट्राचा वीर आहे, त्याच्या नावाचा चौक आहे, शाळेच्या पुस्तकात धडा आहे. त्या धड्यात छापखान्यातली भेट आहे. वडिलांचं नाव चौकातल्या दगडावर त्याच्या शेजारी कोरलंय, चार मार्चला समारंभ आहे, आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि पडदा तिच्या हस्ते दूर होणार आहे. समितीतल्या काही लोकांना शंका आहे की भेट खरंच झाली का. जुन्या कागदांत साक्षीदार एकच, तुम्ही. तुमचा एक शब्द पुरेल, फोन केलात तरी चालेल, खाली नंबर देते. आणि मग ती लिहिते, वडिलांनी कोर्टात त्या रविवारी आपल्याबरोबर कोण होतं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मारलं तरी सांगितलं नाही. लोक म्हणतात, सादिकीला वाचवण्यासाठी. तुम्ही मात्र खरं बोललात. आमच्या घरावर तुमचे उपकार आहेत.

हे वाक्य मी आठ दिवसांत किती वेळा वाचलं याची मोजदाद नाही. सादिकीला वाचवण्यासाठी! सादिकी तेव्हा जंगलात सुखरूप होता, त्याला कोण वाचवणार? छापखान्यात राहिला होता तो फुंडी. मी बोटीवर चढायच्या आधी म्वेंडानं माझं नाव घेतलं असतं तर मला धरून आणलं असतं, आणि मी कबूल झालो असतो तर तो सुटला असता. त्याला ठाऊक होतं, की मी कबूल होणार नाही? की ठाऊक होतं की मी कबूल झालो तर जिवंत परत जाणार नाही? मला वाटतं, त्यानं एवढा हिशेब केलाच नसेल. विचारलं असेल, त्यानं मान हलवली असेल, आणि म्हणाला असेल हपाना. कोर्टात माझी साक्ष वाचून दाखवली तेव्हा तो शब्द त्यानंही ऐकला असेल. 'नाही' म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं, त्याच्या वहीत होता तो. 'नाय' त्याला मी शिकवलाच नव्हता. म्हणजे मी त्याच्याविरुद्ध खोटं बोललो असं समजून तो गेला, आणि तरी गप्प राहिला. मला त्याचा राग आला आहे, हे लिहायला लाज वाटते, पण आला आहे. एवढं ओझं माणसानं माणसावर टाकू नये.

आठ दिवस मी दोन पत्रं मनात जुळवत होतो. एक सोपं होतं. होय, भेट झाली. एक शब्द, आणि म्हातारी पडदा ओढील, बँड वाजेल, मुलीच्या डोळ्यांत पाणी येईल. ज्या चुकीनं त्याला मारलं तीच चूक आता त्याला मोठा करते आहे, तर कशाला मध्ये पडा? खरं सांगून मी त्याला दुसऱ्यांदा पाडणार. एकदा माझ्या भीतीपायी, आता माझ्या खरेपणाच्या हौसेपायी. झाकली मूठ ठेवावी. पण मग तो दगड डोळ्यांसमोर यायचा. बंदुकीलाही नाही म्हणणाऱ्या माणसाचं नाव बंदूकवाल्याच्या शेजारी. शाळेतली पोरं ते पाठ करणार. त्याची सगळी हयात एका शब्दावर उभी होती आणि तोच शब्द पुसून हो लिहून ठेवला, तर त्याचं उरलं काय? आणि हे जाणणारा पृथ्वीवर एकच माणूस, तो आटगावजवळ पडवीत बसून वाल मोडतोय.

"झालं काका," संगीताबाई म्हणाल्या. "जरा बघा, सगला बरोबर हाय ना?" त्या पुन्हा एकदा वाचून दाखवत होत्या. मी त्यांच्या समोर बसलो होतो. कागद माझ्या बाजूनं उलटा होता. मी आपोआप वाचत गेलो आणि थांबलो. "बाई," मी म्हणालो, "वय चुकलंय. एकोणसत्तर. तुम्ही एकोणऐंशी लिहिलंय." बाईंनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अगोबाई, उलटं वाचता तुमी?" त्या हसल्या, आकडा खोडला, वर नवा लिहिला, शेजारी छोटी सही केली. एवढंच. प्रियांकानं मान वर करूनही पाहिलं नाही. बाईंनी पिशवी उचलली, चहाला नको म्हणाल्या, अजून कातकरवाडी करायची होती. त्या पायवाटेनं उतरत गेल्या आणि मी तिथंच बसून राहिलो. टेबलाच्या या बाजूनं म्हणायचं, साहेब, चुकलंय. समोरच्यानं खोडायचं. मला रडू आलं. राबाचा धूर तेव्हा विरला होता, त्याची सबब उरली नव्हती. "बरं वाटत नाय काय काका?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही गो, तू आपलं काम कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी स्टेशनजवळच्या हरेशच्या फोनबूथवर गेलो. परदेशात लावायचाय म्हटल्यावर तो उठून उभा राहिला. "दुबईला काय?" आफ्रिकेला. "तिकडं कोण हाय तुमचं?" कोणी नाही, मी म्हणालो. त्यानं नंबर तीनदा फिरवला. चौथ्यांदा वाजला. मी काचेचं दार ओढून घेतलं. पलीकडे एका बाईचा आवाज आला आणि ती भाषा, चौतीस वर्षांनी, जिवंत माणसाच्या तोंडून. क्षणभर मी फक्त ऐकत राहिलो. मग म्हणालो, फुंडी बोलतोय, हिंदुस्थानातून. ती आनंदानं किंचाळली. देव तुमचं भलं करो, म्हणाली, आम्ही आशा सोडली होती. तब्येत कशी, मुलंबाळं किती, सगळं एका दमात. मग आवाज सावरून तिनं विचारलं, तर सादिकी त्यांच्याबरोबर होता ना?

"हपाना," मी म्हणालो.

लाइनीवर खरखर होती. ती म्हणाली, आवाज नीट येत नाही. मी पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, खूप वर्षं झाली, तुमचं वय झालं, विसरला असाल. तिनं ते कठोरपणे म्हटलं नाही, वाट करून दिल्यासारखं म्हटलं, आणि त्या वाटेनं निघून जावं असं मला फार वाटलं. हपाना, मी म्हणालो, विसरलो नाही. दगड कोरून झालाय, ती म्हणाली. हो, मी म्हणालो. आईला काय सांगू, तिनं विचारलं. मग तिचा आवाज चढला. तर मग त्या दिवशी त्यांच्याबरोबर होतं तरी कोण?

"मी."

आणि मग मी सांगत सुटलो. बारा वाजल्यापासून दिवे लागेपर्यंत. स्टूल, शेंगदाणे, पत्रक, त्यातलं शेवटचं वाक्य, 'एकटा' शब्दाची जागा. चौकी, माझ्या आईचा शब्द, इन्स्पेक्टरचा शब्द, ओली शाई, मी वाचलेलं, मी केलेली सही. त्यांनी लपवलेलं नाव सादिकीचं नव्हतं, तेही सांगितलं. भाषा गंजली होती, क्रियापदं अडखळत होती, कुठं कुठं मराठीच घुसत होती. ती मध्ये एकदाही बोलली नाही. काचेबाहेर हरेश माझ्याकडे बघत होता, त्यानं हातानं विचारलं, काय झालं? मी पाठ फिरवली. बोलून संपलं तेव्हा मला वाटलं, तिनं फोन केव्हाच ठेवला असेल.

"का नाही बोललात?" तिनं विचारलं.

मराठीत 'भीती वाटली' म्हटलं की भागतं, कोणाला वाटली ते सांगावं लागत नाही. त्या भाषेत तशी सोय नाही. 'मी' आधी लावावाच लागतो, त्याच्याशिवाय शब्दच होत नाही. मी तो शब्द म्हटला, पुरा.

ती म्हणाली, थांबा. पावलं वाजली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पुन्हा तिचा आवाज, आता दमलेला. "हे मी आईला सांगणार नाही. ती इथंच बसलीय. तुम्ही सांगा." फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. खूप म्हाताऱ्या माणसाचा श्वास ऐकू येऊ लागला, जवळ, अगदी कानाशी. कोण बोलतंय, असं तिनं विचारलं. मी माझं नाव सांगितलं, धाकलू वेखंडे, आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.